तपासणी झाली, पुढं काय? ब्रिटनमधल्या शाळेच्या डॉक्टरची आणि नर्सबाईची गोष्ट



आपल्या गटाच्या बैठकांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. शाळेत डॉक्टर येतात, मुलांची वजनं-उंच्या घेतात, डोळे बघतात, दात बघतात, कागदावर काहीतरी लिहितात आणि गाडीत बसून निघून जातात. मग बाया विचारतात, "ताई, याचा उपयोग काय?" प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर शोधताना आम्ही एका दुसऱ्या देशाची माहिती वाचली. तो देश म्हणजे ब्रिटन, आणि काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तिथल्या आयांनीही हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. आजच्या भागात तीच गोष्ट सांगणार आहोत.

सुरुवात सैन्यभरतीपासून

ब्रिटन तेव्हा मोठं साम्राज्य होतं, आपल्यावरही त्यांचंच राज्य होतं. पण त्यांच्या स्वतःच्या शहरांत गरिबांची मुलं कशी जगत होती, हे त्यांना एका लढाईनं दाखवून दिलं. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. सैन्यात भरती व्हायला जे तरुण आले, त्यातले कितीतरी जण वैद्यकीय तपासणीत नापास झाले. कुणाची छाती भरत नव्हती, कुणाचे दात किडलेले, कुणाचे पाय मुडदुसानं वाकलेले. सरकार घाबरलं. समिती नेमली, तिचा अहवाल १९०४ साली आला. शाळेतल्या मुलांची डॉक्टरी तपासणी करा आणि उपाशी मुलांच्या जेवणाची सोय करा, असं समितीनं सांगितलं.

म्हणजे पहिली काळजी मुलांची नव्हती, सैनिकांची होती. तरी त्यातून चांगलं घडलं. १९०६ साली शाळेत जेवण देण्याची परवानगी देणारा कायदा झाला. १९०७ च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी प्राथमिक शाळांत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली आणि १९०८ पासून शाळेचे डॉक्टर कामाला लागले.

याच्या आधीही काही जणी झटत होत्या. मार्गारेट मॅकमिलन आणि रेचेल मॅकमिलन या दोघी बहिणी. मार्गारेट ब्रॅडफर्ड शहराच्या शाळा मंडळावर होत्या. तिथं १८९९ मध्येच डॉक्टर जेम्स कर यांनी शाळकरी मुलं तपासली होती. पुढं या बहिणींनी लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये मुलांसाठी दवाखाना चालवला. आजारी मूल शिकू शकत नाही, हे त्या सतत सांगत राहिल्या.

पण या पहिल्या कायद्यात एक मोठी खोट होती. तपासणी बंधनकारक होती, उपचार मात्र नव्हता. डॉक्टर सांगायचे, "बाई, मुलाचे डोळे अधू आहेत, चष्मा लागेल." चष्म्याचे पैसे कुणी द्यायचे? १९०९ च्या कायद्यानं तर सांगितलं की शिक्षण मंडळानं उपचार केला, तर ज्यांना झेपेल त्या पालकांकडून खर्च वसूल करावा. मग आई चिठ्ठी घेऊन घरी जायची आणि ती चिठ्ठी फळीवर पडून राहायची. चिठ्ठी आली म्हणजे आजार बरा झाला, असं होत नाही.

लढाई सुरू झाली आणि शहराची मुलं गावात आली

सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू झालं. शहरांवर बॉम्ब पडतील म्हणून ब्रिटन सरकारनं शहरातली मुलं, लहान बाळांच्या आया, गरोदर बाया यांना आगगाड्यांत बसवून खेड्यापाड्यांत पाठवलं. पहिल्या काही दिवसांतच सुमारे पंधरा लाख लोक हलवले गेले. ही मुलं उतरली ती गावातल्या घरांमध्ये, परक्या बायांच्या हाताखाली.

त्या गावांमध्ये आपल्यासारखेच महिलांचे गट होते. त्यांना विमेन्स इन्स्टिट्यूट म्हणत. ब्रिटनमधला असा पहिला गट १९१५ साली वेल्समधल्या एका गावात सुरू झाला होता. या गटांतल्या बायांनी मुलं सांभाळली आणि जे दिसलं ते लिहून काढलं. डोक्यात उवा, अंगावर खरूज, तोंडावर पुवाचे फोड, रात्री अंथरूण ओलं करणारी मुलं, पायात धड बूट नाहीत. १९४० साली त्यांचा अहवाल छापला गेला. पुढं १९४३ मध्ये महिला संघटनांच्या एका गटानं शहरी गरिबीवर आणखी मोठा अहवाल काढला.

पहिल्या झटक्यात गावच्या बायांनी शहरातल्या आयांनाच नावं ठेवली. आळशी आहेत, घाणेरड्या आहेत, पोरांकडं बघत नाहीत. पण नीट बघितलं तेव्हा दुसरी बाजू कळली. ज्या घरात चार बिऱ्हाडांना मिळून एक नळ, न्हाणीघर नाही, गरम पाणी नाही, एका बिछान्यावर चार पोरं, तिथं उवा कशा जातील? शिवाय मुलं आली ती उन्हाळ्याच्या लांब सुट्टीनंतर. त्या सुट्टीत शाळेच्या नर्सबाईनं कुणाचं डोकंच बघितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट पुढं आली. केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं युद्धकाळात उवांची पाहणी केली. शाळेच्या दफ्तरात जितक्या मुलांना उवा आहेत अशी नोंद होती, त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त मुलांच्या डोक्यात उवा होत्या. नर्सबाई घाईघाईत डोकी बघायची, त्यात जे दिसेल ते लिहायची. कागदावर सगळं ठीक होतं, डोक्यात नव्हतं. आपल्याकडं कधी फक्त रकाने भरण्यासाठी वजनं लिहिली जातात, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

१९४४ चा कायदा: तपासणीला उपचार जोडला

युद्ध चालू असतानाच १९४४ साली नवा शिक्षण कायदा झाला. त्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या. स्थानिक शिक्षण मंडळानं आपल्या शाळांमधल्या मुलांची तपासणी करायची, आणि उपचारही फुकट मिळतील हे बघायचं. उपचार नको असेल, तर पालकांनी तसं कळवायचं, तो हक्क ठेवला होता. पण पैसे नाहीत म्हणून उपचार थांबणार नाही, हे ठरलं. ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मग तर सगळ्यांनाच डॉक्टर, दवाखाना, औषध, मुलांचा चष्मा फुकट मिळू लागला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाचं यंत्रही त्यात होतं.

अन्नाचाही विचार झाला. ऑगस्ट १९४६ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला दर शाळेच्या दिवशी एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर दूध फुकट मिळू लागलं. छोट्या काचेच्या बाटलीत ते यायचं. श्रीमंताच्या मुलालाही तेच, गरिबाच्या मुलालाही तेच. त्यामुळं दूध पिणारं मूल गरीब आहे, असं कुणी बोट दाखवत नव्हतं. पुढं १९६८ मध्ये माध्यमिक शाळांतलं दूध बंद झालं. १९७१ मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचंही बंद झालं. तेव्हा शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. लोकांनी त्यांना दूध हिसकावणारी म्हणून हिणवलं आणि ते नाव त्यांना आयुष्यभर चिकटलं.

तपासणीच्या दिवशी काय व्हायचं

मुलाच्या शाळेच्या आयुष्यात साधारण तीन मोठ्या तपासण्या असत. एक शाळेत घालताना, पाचव्या वर्षी. दुसरी प्राथमिक शाळा संपता संपता. तिसरी शाळा सोडण्याआधी. आईला आधी चिठ्ठी जायची, की अमुक दिवशी डॉक्टर येणार आहेत, आपण हजर राहावं. लहान मुलाच्या तपासणीला आई सोबत असणं हा भाग महत्त्वाचा मानला जायचा. कारण मूल रात्री खोकतं का, धाप लागते का, बोलायला उशिरा लागलं का, हे आईलाच ठाऊक असतं.

मूल आतल्या कपड्यांवर उभं राहायचं. वजन, उंची. छातीला नळी लावून हृदय आणि फुप्फुसं. घसा, कान, दात. पाठ सरळ आहे का, पाय सपाट आहेत का. डोळ्यांसाठी भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत जाणारी. सहा मीटरवर उभं करून एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. कानासाठी सुरुवातीला डॉक्टर लांबून कुजबुजल्यासारखं बोलून बघत. पुढं यंत्र आलं, त्यात बारीक आवाज ऐकू आला की मुलानं खूण करायची.

या साध्या गोष्टींनी किती मुलांचं नशीब बदललं असेल, विचार करा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागं पडलेलं मूल, बाईंचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारं मूल, या दोघांनाही आपण काय म्हणतो? "ढ" आहे. चष्मा लागला, कानाचा इलाज झाला, की तेच मूल वाचायला लागतं. १९४५ च्या नियमांनी अडचण असलेल्या मुलांचे अकरा प्रकार ठरवले. अंध, कमी दिसणारं, बहिरं, कमी ऐकू येणारं, बोलण्यात अडखळणारं, फिट येणारं, मधुमेह असलेलं, अंगानं अपंग, नाजूक प्रकृतीचं आणि असेच बाकीचे. आजच्या नजरेनं त्यातली काही नावं बोचतील. काही मुलांना त्या शिक्क्यामुळं वेगळ्या शाळेत घालून बाजूला काढलं गेलं, हेही खरं. पण अशा मुलांची वेगळी सोय करणं हे शिक्षण मंडळाचं काम आहे, हे तेव्हा पक्कं झालं.

नर्सबाई आणि तिची फणी

डॉक्टर अधूनमधून येत, पण शाळेच्या नर्सबाई सारख्या येत. मुलं त्यांना चिडवून "निटी नोरा" म्हणत. निट म्हणजे लीख. मुलांना रांगेत उभं करून त्या एकेकाचे केस वर करून बघायच्या. शिवाय शाळेच्या दवाखान्यात खरचटलेलं, भाजलेलं, कान फुटलेलं, गजकर्ण, खरूज यांवर इलाज करायच्या. फोडांवर जांभळं औषध लावायच्या. ते तोंडभर दिसायचं आणि मुलाला लाज वाटायची.

उवांच्या बाबतीत कायदा कडक होता. आधी पालकांना नोटीस जायची, की मुलाचं डोकं स्वच्छ करा. नाही केलं, तर शिक्षण मंडळ मुलाला नेऊन स्वच्छ करू शकायचं, आणि पुन्हा पुन्हा निष्काळजीपणा झाला तर पालकांना दंड. मुलीची अशी तपासणी डॉक्टरनं किंवा त्यासाठी नेमलेल्या बाईनंच करायची, ही अटही कायद्यात होती.

इथं आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. मुलाच्या डोक्यात ऊ सापडली, तर कुणाची मान खाली जाते? आईची. बापाला कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्येही हेच होतं. मूल वर्गातून बाजूला काढलं की सगळ्या वर्गाला कळायचं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला. अशा लाजेनं आया तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवायला लागल्या, तर तपासणीचा हेतूच बुडतो. ज्या नर्सबाई घरी जाऊन, दार लावून, शांतपणे फणी कशी चालवायची ते दाखवायच्या, त्यांचं काम जास्त टिकायचं. दोष देणं सोपं, हाताला धरून शिकवणं अवघड.

लस: जिथं खरा विजय मिळाला

या सगळ्यात डोळ्यांत भरणारं यश आलं ते लसीत. घटसर्प हा मुलांचा घसा आवळणारा आजार. १९४० साली ब्रिटनमध्ये त्याचे एकसष्ट हजारांहून जास्त रुग्ण होते आणि ३,२८३ मृत्यू झाले. त्यानंतर घरोघर, शाळाशाळांत लसीची मोहीम निघाली. १९५७ साली रुग्ण उरले ३८ आणि मृत्यू ६. सतरा वर्षांत एवढा फरक पडला.

टीबीसाठी १९५३ पासून तेरा वर्षांच्या आसपासच्या मुलांना शाळेत बीसीजी टोचायला सुरुवात झाली. आधी हातावर बारीक सुयांची चाचणी घ्यायची आणि जरूर असेल त्यालाच लस द्यायची. पालकांची सही आधी लागायची.

पोलिओची गोष्ट वेगळी. १९४७ च्या साथीत सात हजारांवर लोकांना पोलिओ झाला. १९५६ मध्ये लस आली, पण लोक बिचकत होते, तरुण तर येतच नव्हते. १९५९ मध्ये जेफ हॉल नावाचा फुटबॉल खेळाडू पोलिओनं गेला. वय फक्त २९. धडधाकट माणूस असा गेला म्हटल्यावर लसीच्या केंद्रांवर रांगा लागल्या. १९६२ पासून साखरेच्या खड्यावर थेंब टाकून लस देऊ लागले. आपल्याकडचे "दो बूंद" आठवले ना?

जे नीट जमलं नाही

सगळं छानच झालं, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. दातांचं बघा. १९४८ नंतर बाहेर दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांना जास्त पैसे मिळू लागले, म्हणून शाळेचे दंतवैद्य नोकरी सोडून जाऊ लागले. त्यातच फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं. मुलांचे दात किडत राहिले आणि बघायला माणूस नाही.

दुसरी गोष्ट टॉन्सिलची. त्या काळात मुलाचा घसा जरा सुजलेला दिसला की ऑपरेशनची चिठ्ठी मिळायची. डॉक्टर ग्लोव्हर यांनी १९३८ साली दाखवून दिलं होतं, की एका भागात टॉन्सिल काढलेली मुलं खूप आणि दुसऱ्या भागात फार थोडी, आणि आजारात मात्र तसा फरक दिसत नाही. म्हणजे ऑपरेशन मुलाच्या आजारावर कमी आणि डॉक्टरच्या सवयीवर जास्त ठरत होतं. तरी युद्धानंतरही अशी ऑपरेशनं पुष्कळ होत राहिली. म्हणून डॉक्टरांना "हे केलंच पाहिजे का, थांबून बघितलं तर चालेल का?" असं विचारण्यात काही चूक नाही.

तिसरी गोष्ट, सरसकट सगळ्यांना तपासण्यात वेळ फार जायचा आणि नवं थोडंच सापडायचं. म्हणून पुढं १९५९ च्या नियमांनी वाट मोकळी केली. पहिली तपासणी सगळ्यांची. नंतर पालकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, शिक्षक आणि नर्स यांचं म्हणणं ऐकायचं, आणि ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याला डॉक्टरनं नीट वेळ देऊन बघायचं. म्हणजे आईनं लिहिलेल्या चार ओळींना आता वजन आलं.

शाळेच्या डॉक्टरांमुळं आणखी एक मोठं काम झालं. मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांची नोंद जेम्स डग्लस या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ठेवली. त्यासाठी शाळेचे डॉक्टर आणि नर्सबाई या मुलांना तपासून माहिती पाठवत. धुराच्या शहरात वाढणाऱ्या मुलांना छातीचे आजार जास्त होतात, हे त्यातून ठळकपणे दिसलं. नुसतं औषध देऊन भागत नाही, हवा आणि घर बदलायला हवं, हे सांगायला हातात पुरावा आला.

१९७४ मध्ये शाळेची आरोग्यसेवा शिक्षण मंडळांकडून काढून राष्ट्रीय आरोग्य सेवेत घेतली गेली.

आपल्याकडं

आपल्या भागातही हे काम फार जुनं आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्या देशातली ती पहिली मानली जाते. ब्रिटनच्या मागं फक्त एक वर्ष! स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ मध्ये भोर समितीनं आणि पुढं १९६१ मध्ये रेणुका राय समितीनं शाळेच्या आरोग्यसेवेबद्दल सांगितलं. आज जी गाडी आपल्या शाळेत येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तो २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. आजार सापडला तर पुढचा उपचार, गरज पडल्यास ऑपरेशनही, मोफत करण्याची तरतूद त्यात आहे.

म्हणजे आपल्याकडं कागदावर तपासणी आणि उपचार दोन्ही जोडलेले आहेत. सांधा निखळतो तो मधेच. चिठ्ठी मिळते, पण तालुक्याला न्यायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, तिथं कुठल्या खोलीत जायचं ते कळत नाही. हा सांधा गट धरू शकतो. बैठकीत या गोष्टींवर बोला:

तपासणीची तारीख शाळेकडून आणि आशाताईंकडून आधी विचारून घ्या. लहान मुलासोबत घरचं कुणीतरी जा. आई शेतावर असेल तर आजी जाऊ दे, बाप जाऊ दे.

मुलाला काय होतं ते आदल्या रात्री आठवून ठेवा. टीव्ही जवळून बघतं का, हाक मारली तर वळतं का, खेळताना लवकर दमतं का.

मुलाचं वजन-उंची किती भरली ते विचारून आपल्याकडंही लिहून ठेवा.

चिठ्ठी मिळाली तर ती गटात सांगा. एकाच दवाखान्यात जायचं असेल तर चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी मुलांना घेऊन जा. एकीला वाट माहीत असली की बाकीच्यांची भीती जाते. भाड्याला अडत असेल तर गटातून उचल द्या. चष्म्याला, औषधाला घेतलेलं कर्ज हे शेळी घेण्याइतकंच कामाचं आहे.

आणि कुणाच्या लेकराच्या डोक्यात ऊ सापडली, कुणाचं वजन कमी भरलं, तर त्या आईला बैठकीत नावं ठेवू नका. तिच्या घरी पाणी किती येतं, ती कामावरून किती वाजता परतते, ते आधी विचारा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या मुलाला मिळालेली शेवटची चिठ्ठी घेऊन या. कुणाची चिठ्ठी फळीवर पडून आहे, ते सगळ्या मिळून बघू.